जावयाला ‘बे’ म्हटल्याबद्दल

मलकापूर
बुधवार (दसरा होऊन सहा दिवस)

कारभारीराव मामांच्या सेवेशी, साखरखेर्डा.

पंजाबरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. मामींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही पायरी उतरताना जो आवाज आला तो मी अजून विसरलो नाही. (आवाज गुडघ्याचा होता की पायरीचा, यावर आमच्या घरी दोन मतं आहेत.) सोयाबीन घरी आलं का? ढगांचा काही भरवसा नाही, ताडपत्री आधीच काढून ठेवा, फाटकी असेल तर आजच शिवून घ्या. इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर कोकिळा माझ्याशी बोलत नाही, ती फोनवर लेकीशी, पूनमशी बोलते. पूनम आईशी बोलते पण मला फोन देऊ देत नाही. आणि तुमचे भाचे, म्हणजे आमचे जावई शिवमराव, कोणाशीच बोलत नाहीत. त्यामुळे घर अगदी शांत आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मधूनमधून म्हशीला हाका मारता आणि मग ‘व्हय’ मला होता की म्हशीला ते कळत नाही. म्हणून पत्र.

मी काळजीखोर माणूस आहे हे तुम्हाला सोयरीक जमवतानाच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. गॅसचं बटण मी तीनदा पाहतो. एकदा आम्ही दोघं शेगावला दर्शनाला निघालो, गाडीत बसलो आणि मला कुलपाची शंका आली. नांदुऱ्याला उतरलो, परतीची गाडी धरून घरी आलो, कुलूप ओढून पाहिलं, ठीक होतं. तेव्हा लक्षात आलं की कोकिळेला ‘उतर’ म्हणायचं राहिलं. तिनं एकटीनं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला आणि संध्याकाळी येऊन मला एवढंच म्हणाली की यापुढे कुलपालाच सोबत न्या. सांगायचा मुद्दा असा की आमच्या शेठनी माझा हाच गुण हेरला. आमचा ग्रॅनाइटचा यार्ड हायवेला लागून आहे, तुम्ही पाहिला आहे. गेल्या दिवाळीत तिथे पुण्याहून ती व्हॅक्यूमवाली मशीन आली आणि शेठ म्हणाले की हिची रोजची तपासणी यार्डातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाकडे द्यायची. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मतदान घ्यावं लागलं नाही.

मशीन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. लहानपणी आपण रिकामा पेला तोंडाला लावून हवा ओढायचो आणि पेला ओठांना चिकटून राहायचा, तोच प्रकार. वर छोटी क्रेन, तिला लोखंडी चौकट, चौकटीच्या खाली चार जाड रबरी पॅड. पॅड फरशीवर टेकवायचे, पंप आतली हवा ओढतो आणि अडीच क्विंटलची फरशी नुसत्या हवेच्या ओढीनं अधांतरी उचलली जाते. आधी हेच काम दहा हमाल दोरानं करायचे आणि त्यात एकाचं बोट गेलं, म्हणून मशीन आली हे चांगलंच झालं. पण मामा, दोर तुटायचा तर आधी करकर वाजायचा. ही हवा दिसत नाही. जी वस्तू दिसत नाही तिच्यावर अडीच क्विंटल कसे सोडायचे, हा प्रश्न मी पुण्याच्या शिकवणाऱ्या साहेबाला विचारला. तो म्हणाला, ‘काका, म्हणूनच तपासणी.’ त्यानं प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद दिला, तो मी मराठीत वहीत उतरवून पाठ केला. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं चारही पॅड पुसायचे. रबराच्या कडेला चीर आहे का ते बोट फिरवून बघायचं. मग फरशी वीतभर उचलायची, पंप बंद करायचा आणि पाच मिनिटं काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा हिरव्या पट्टीतून घसरता कामा नये. (ही पाच मिनिटं मी श्वास रोखून काढतो. म्हणजे सुरुवातीला काढायचो, मग गजेंद्र टेम्पोवाल्यानं मला खाली बसवून पाणी पाजलं.) आठवड्यातून एकदा फिल्टर काढून झटकायचा, महिन्यातून एकदा मुद्दाम हवा सोडून भोंगा वाजतो का ते पाहायचं. उचललेल्या फरशीखाली हात, पाय, डोकं, काहीही ठेवायचं नाही. आणि पॅडला तेल, ग्रीस, पावडर लावायची नाही. या शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. सगळं झालं की वहीत तारीख घालून ‘ठीक’ लिहायचं आणि सही. अकरा महिने मी हे एक दिवस न चुकता केलं. ज्या दिवशी मला ताप होता त्या दिवशी मी तापासकट केलं.

मशीन चालवतात शिवमराव. आता लग्नाआधीची गोष्ट वेगळी होती. शिवमरावांना एक सवय आहे, तुमच्याही लक्षात आली असेल, की काम करताना डावा पाय पुढे टाकून उभं राहायचं. फरशी वर आली की त्यांचा तो पाय बरोबर तिच्याखाली. (शेठनी दिलेले जाड बूट त्यांनी लग्नकार्यात घालायला जपून ठेवले आहेत, यार्डात चप्पल.) लग्नाआधी मी वहीमागून ओरडायचो, ‘ए शिव्या, पाय काढ बे!’ आणि पाय निघायचा. काम एका सेकंदाचं. मग तुम्ही मध्ये पडलात, सोयरीक जमली, वैशाखात लग्न झालं आणि शिव्याचे शिवमराव झाले. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. नऊ ग्रहांची शांत करता येते, या दहाव्याला यार्डात सगळ्यांसमोर पाय काढा कसं म्हणणार? मी सुरुवात करायचो की ‘शिवमराव, राग मानू नका, पण आपला डावा पाय जर का जरासा,’ आणि एवढं होईस्तोवर फरशी टेम्पोत पोचलेली असायची. ते मान हलवून ‘हो, मामाजी’ म्हणायचे आणि पुढच्या फरशीखाली पुन्हा तोच पाय. पाच महिने मी रोज हे पाहिलं आणि रोज घरी येऊन कोकिळेला सांगितलं. तिचं म्हणणं, जावयाला टोकायचं नसतं, जावयाच्या मामाला सांगायचं असतं. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं.

मग दसरा आला. आमच्या यार्डात दसऱ्याला सगळ्या मशिनींची पूजा असते आणि ती शेठच्या आई, वच्छलाबाई, स्वतः करतात. वय ब्याऐंशी, आवाज तिशीतला. कटर, पॉलिशची मशीन, टेम्पो, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं. कुंकू वाऱ्यानं उडू नये म्हणून त्या ते तेलात कालवतात. व्हॅक्यूमवालीचा हा पहिला दसरा. वच्छलाबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘हिचे पाय कुठी हायेत?’ मी मूर्खासारखं पॅडकडे बोट दाखवलं. ‘वर करा मंग. नव्या मानसाचे पायच पुजा लागते. नजर लागन हिले.’ चौकट वर केली आणि त्यांनी चारही पॅडच्या खालच्या तोंडाला, जिथून हवा ओढली जाते त्या जागेवर, तेलातल्या कुंकवाची पाची बोटं दाबून उठवली. इतक्या मायेनं दाबली की बोटं कडेच्या रबरावर घसरत गेली. माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन रेघा नाचत होत्या. मी तोंड उघडलं. त्याच वेळी वच्छलाबाई म्हणाल्या, ‘तेल आन बाप्पू अजून,’ आणि मामा, तेलाची वाटी माझ्याच हातात होती. मी ती पुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करताना मी कोकिळेला सहज म्हणालो की आज आधी जाऊन पॅडचं कुंकू पुसून काढावं लागेल. तिच्या हातातला पोळीचा घास खाली पडला. ‘काय म्हन्लं? ज्या मशीनवर आपल्या पोरीचं कुंकू उभं राह्यते, त्या मशीनचं कुंकू तुमी पुसता? आन तेबी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी?’ मी तिला काटा, हिरवी पट्टी, रबर, हवा, सगळं समजावलं. ती म्हणाली की हवेचं तुमचं तुम्ही बघा, कुंकू पुसायचं नाही. मी यार्डात येईपर्यंत माझं डोकं दोन्हीकडून आवळलेलं होतं. कुंकू पुसावं तर पूनमवर काहीबाही ओढवेल, न पुसावं तर फरशी निसटेल आणि मग जे पुसलं जाईल ते मला इथे लिहवतही नाही. असा पेच त्या प्लास्टिकच्या कागदात कुठेच दिला नव्हता. पुण्याच्या साहेबाला फोन करावा असं वाटलं, पण विचारायचं काय? शेवटी जे करायचं ते केलं आणि वहीत ‘ठीक’ लिहिलं.

दहा वाजता मोताळ्याच्या गिऱ्हाइकाच्या ओट्याची काळी फरशी चढवायची होती. शिवमरावांनी पॅड टेकवले, पंप लावला, फरशी गुडघ्याच्या वर आली, डावा पाय खाली गेला. मी काट्याकडे पाहिलं. काटा हिरव्या पट्टीतून निघून लाल पट्टीकडे चालला होता, घाई नाही, गडबड नाही, आपला चालला होता. एका पॅडमधून फुस्स झालं. भोंगा वाजला. आणि मामा, मला ‘शिवमराव’ आठवलं नाही, ‘राग मानू नका’ आठवलं नाही, ‘आपला’ आठवलं नाही. माझ्या पोटातून आवाज निघाला तो असा, ‘ए शिव्या, हो बे बाजूले, मरतं का!’ शिवमरावांनी मागे उडी मारली आणि फरशी जिथे त्यांचा पाय होता तिथे पडून तिचे तीन तुकडे झाले. एक कपची उडून त्यांच्या अंगठ्याच्या नखाला लागली, बाकी केसालाही धक्का नाही. मी तिथेच वहीवर बसलो.

पण झालेली शोभा ऐका. भोंगा बंद झाला आणि त्या शांततेत गजेंद्र हसला. ‘मामाजीनं जावयाले बे म्हन्लं बे!’ झालं. दुपारपर्यंत पूर्ण यार्डात, चार वाजेपर्यंत चहाच्या टपरीवर, आणि मी घरी पोचायच्या आत कोकिळेपर्यंत. जावयाला चारचौघांत बे, आणि वर मरतं का, हे काय मरणाचं नाव काढायचं वय आहे त्यांचं, वगैरे. माणूस वाचला हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, वाचवायचं तर मानानं वाचवा. रविवारी शिवमराव दर रविवारसारखे जेवायला आले नाहीत. चार माणसांच्या भाकरी झाल्या होत्या. यार्डात ते माझ्याकडे बघत नाहीत, ‘मामाजी’ नाही, काही नाही. त्यात शेठनी दुसरंच काढलं. त्यांचं म्हणणं, ऑपरेटरनं पॅड मध्यावर न लावता एका बाजूला लावले म्हणून फरशी सुटली. सोमवारी कंपनीचा इंजिनियर मशीन उघडून तपासणार, तोवर मशीन बंद, शिवमराव पॉलिशवर. आणि ज्याची चूक निघेल त्यानं घरी बसायचं. शिवमराव उलटून एक शब्द बोलले नाहीत. माझं मत, फरशीलाच आतून भेग असावी. ग्रॅनाइटचं सांगता येत नाही.

तरी मामा, तुम्ही त्यांचे मामा, भाच्याचा कान धरायचा हक्क तुमचा. गुडघा साथ देत असेल तर येत्या रविवारी इकडे या आणि त्यांची समजूत काढा की ‘बे’ तोंडातून गेलं, मनात नव्हतं. जमल्यास पायाचंही सांगा. एवढ्यावर थांबतो. मामींना, लेकरांना विचारल्याचं सांगा. लोभ आहे तेवढा राहू द्या. कमी झाला असेल तर लगेच कळवू नका.

तुमचा,
पंजाबराव

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. (मी पाकीटही तीनदा वाचतो.) ‘जे करायचं ते केलं’ असं वर लिहिलं आहे ते खरं नाही. मी काही केलं नाही. फडकं हातात घेऊन मशीनसमोर उभा राहिलो, पॅडवरची ती पाच-पाच बोटं पाहिली, कोकिळेचा आवाज कानात होता, आणि फडकं परत खिशात घातलं. वीतभर उचलून बघणं नाही, पाच मिनिटं नाही. अकरा महिने ‘ठीक’ असल्यावर मी ठीक लिहिलं, त्या दिवशी एकदाच ठीक नसताना लिहिलं. फरशीत भेगबीग नव्हती. फिल्टर आतून कुंकवानं लाल झाला आहे. कालपासून दोनदा काढला, धुवायला म्हणून नळाखाली धरला, पण नळ न सोडता तसाच परत बसवला. सोमवारी इंजिनियरला तो तसाच सापडेल.

ता. क. दुसरा. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर वरचं लिहून उपयोग नाही. मी फडकं खिशात घातलं तेव्हा शिवमराव पाण्याच्या माठापाशी उभे होते. त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. मग त्यांनी माझी वही पाहिली, तीत ‘ठीक’ होतं, आणि ते जाऊन मशीनवर उभे राहिले. सासऱ्यानं लिहिलं म्हणजे असेल ठीक. मामा, ते ‘बे’मुळे रुसलेले नाहीत, हे मला रविवारीच कळलं होतं. शेठ विचारत होते तेव्हा ते माझं नाव घेऊ शकले असते. घेतलं नाही आणि आता माझ्याकडे बघत नाहीत, कारण बघितलं तर विचारावं लागेल. पोरीचा नवरा माझ्या एका शब्दावर पाय ठेवून उभा होता.

ता. क. तिसरा. हे पत्र शिवमरावांच्याच हाती देतो आहे, ते उद्या सोयाबीनसाठी तुमच्याकडे येणार आहेत. पाकिटाला डिंक लावलेला नाही. तो विसरलो नाही. शिवमराव, बसमध्ये तुम्ही इथवर वाचलं असणार (मशीनचा कागद सोडून तुम्ही सगळं वाचता), तर ऐका. शेठ शनिवारी नागपूरहून येतात. त्यांना वही आणि फिल्टर दोन्ही समोर ठेवून मी सांगणार आहे की चूक तपासणीची आहे, ऑपरेटरची नाही. तुम्ही तेव्हा सोबत येऊ नका. तुम्ही समोर असलात की मी ‘आपण’, ‘आपला’ करत बसतो आणि खरं बोलायला उशीर होतो. तो उशीर एकदा झाला तेवढा पुरे. वच्छलाबाईंचं नाव यात काढायचं नाही, वाटी माझ्या हातात होती. सोमवारी मला घरी बसवलं तर बसेन. मग वही ज्याच्याकडे जाईल त्याच्या ‘ठीक’वरही जाऊ नका, पाच मिनिटं स्वतः काटा पाहा आणि मगच हात लावा. नखाला पट्टी बांधली का? पूनमला विचारायची सोय नाही म्हणून तुम्हालाच विचारतो. हे पत्र मामांना द्यायचं की नाही ते तुमच्यावर. मामांना द्यायचं नसेल तर फाडून टाका, पण रविवारी जेवायला या.